आरशाला हळदीकुंकू

गुरू-शनी बघायला दुर्बीण कोणती घ्यावी, भिंगाची की आरशाची, असं मला अधूनमधून कोणीतरी विचारतं. मी बदलापूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते आणि माझ्या घरी दोन्ही प्रकारच्या दुर्बिणी आहेत, त्यामुळे लोकांना वाटतं, हिला ठाऊक असणार. ठाऊक आहेच. पण उत्तर द्यायला लागले की त्यात माझे वडील येतात, आणि विचारणाऱ्याला तेवढा वेळ नसतो. मग "बजेट किती आहे?" असं विचारून मी विषय मिटवते. इथे मात्र सगळं सांगते.

आई गेल्यावर मी बाबांना चिखलोलीला माझ्याकडे आणलं. बाबा म्हणजे अंबरनाथच्या एका कारखान्यात उभा जन्म लेथवर काढलेला टर्नर. बुवापाड्यातल्या दोन खोल्यांत त्यांचा संसार झाला आणि मी तिथेच वाढले. माझा फ्लॅट नव्या इमारतीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे. इथे स्टेशन होणार, स्टेशन होणार म्हणून आम्ही सगळ्यांनी घरं घेतली आणि अजून रोज रिक्षाने अंबरनाथ नाहीतर बदलापूर गाठतो. मी एकटी राहते, त्यामुळे बाबांना स्वतंत्र खोली होती, गॅलरी होती, टीव्ही होता. ते सकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे ते दिवेलागणीला आत यायचे. काहीही विचारलं तरी उत्तर एकच, "छान आहे." भाजी छान आहे. उशी छान आहे. मी मीठ घालायला विसरलेली आमटीसुद्धा छान आहे. याच माणसाने आमटीवरून आईशी आयुष्यभर वाद घातले होते. आई दवाखान्यातून परत आली नाही, आणि बाबा परत आले असले तरी मला सापडत नव्हते.

भिंगाची दुर्बीण मी खरं तर स्वतःसाठी घेतली होती. लांब, पांढरी, बारीक नळी. पुढे काचेचं भिंग, मागे डोळा लावायचा. तिचं सगळं आतल्या आत बंद असतं. कपाटातून काढा, तिपाईवर चढवा, गुरूकडे वळवा, की गुरू हजर. त्याचे दोन पट्टे रेघ मारल्यासारखे, आणि शेजारी ओळीत त्याचे चंद्र. एकच खोड. भिंगातून जाताना प्रकाशाचे रंग थोडे फाकतात, त्यामुळे गुरूच्या कडेला जांभळी झाक येते. महागड्या भिंगांत ती येत नाही म्हणतात, पण माझी महागडी नव्हती. मी मोठ्या हौसेने बाबांना गच्चीवर नेलं. त्यांनी वाकून पाहिलं, सरळ झाले आणि म्हणाले, "छान आहे." मला ती नळी गच्चीवरून खाली फेकावीशी वाटली.

पाऊस सरता सरता बदलापुरातल्या एका ओळखीच्या कुटुंबाने घर बदलायचं ठरवलं आणि त्यांची आरशाची दुर्बीण विकायला काढली. सहा इंची आरसा. ही म्हणजे जवळजवळ पाण्याचा पिंपच. तोंड उघडं, तळाशी खोलगट आरसा, वरच्या टोकाला एक छोटा तिरपा आरसा, आणि बघायचं ते नळीच्या बाजूने, तेही तोंडापाशी. आरसा मोठा, म्हणून प्रकाश जास्त. आणि आरशात रंग फाकत नाहीत, म्हणून जांभळी झाक नाही. मी लोभाने घेतली. चिखलोलीपर्यंतचा रस्ता रिक्षात तिला मांडीवर धरून काढला. रस्त्याचे खड्डे मोजायचं मी केव्हाच सोडलंय. रात्री जेवणाआधी शनीवर लावली तर कड्यांचा पत्ता नाही, नुसता शेपूट फुटलेला ठिपका. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मी तिला आणि तिच्या आधीच्या मालकांना यथेच्छ शिव्या दिल्या.

बाबा मागे उभे होते. ते सामान धरायला म्हणून आले होते.

"तारा जरा फोकसच्या बाहेर न्यायचा," मी पुस्तकात वाचलं होतं ते स्वतःशीच मोठ्याने म्हणत होते. "गोल कडी दिसते, तिचं भोक मधोमध पाहिजे."

"बघू," बाबा म्हणाले. वाकले. बराच वेळ वाकूनच राहिले. मग म्हणाले, "अगं, ह्याचं सेंटर आऊट आहे."

लेथवर धरलेला जॉब, म्हणजे कापायचा लोखंडी तुकडा, मधोमध फिरला नाही तर टर्नर जे म्हणतो, तेच ते म्हणाले. नळीच्या बुडाशी तीन स्क्रू असतात, त्यांनी आरसा हवा तसा कलवता येतो. बाबांनी मला डोळा लावून उभं केलं आणि स्वतः खाली बसून एकेक स्क्रू फिरवायला लागले. "आता? कुठं गेलं? वर? उलट सांगू नकोस, वर म्हणजे कुठलं वर?" ते माझ्यावर खेकसत होते. आई गेल्यापासून ते पहिल्यांदा माझ्यावर खेकसत होते. तो शनी शेवटी कड्यांसकट उभा राहिला तेव्हा मला आनंद झाला तो शनीचा नव्हता.

तेव्हापासून ती दुर्बीण बाबांची झाली. आरशाची दुर्बीण हलवली की तिचं सेंटर थोडंफार जातंच. वाचणाऱ्याला हा दोष वाटेल, पुस्तकांतही तो दोषांतच लिहिलेला असतो. पण बाबांना रोज संध्याकाळी एक काम मिळालं. मी शाळेतून येईपर्यंत त्यांनी ती गच्चीवर नेऊन ठेवलेली असायची. माझ्या भिंगाच्या दुर्बिणीला ते "तुझं लाटणं" म्हणायचे, मी त्यांच्या दुर्बिणीला पिंप म्हणायचे. "तुझ्या लाटण्याला करायचं काय असतं? नुसतं बघायचं. त्यात काय मजा?" मी सांगायचे की गुरूचे पट्टे लाटण्यातच धारदार दिसतात. ते म्हणायचे, "जांभळा गुरू तू बघ बाई." खालच्या मजल्यावरच्या एका बाईंनी तक्रार केली की हे लोक दुर्बिणीतून आमच्या खिडकीत बघतात. बाबांनी त्यांना बोलावून दुर्बिणीत चंद्र दाखवला. तो उलटा दिसला म्हणून त्या उखडल्या, आणि आमची इमारत दोन दिवस हसत होती. आमटीत मीठ कमी पडलं की मला पुन्हा ऐकावं लागत होतं. मला इतकं बरं वाटत होतं की मी मुद्दाम एकदा कमी घातलं.

मग खंडेनवमी आली.

कारखान्यात खंडेनवमी म्हणजे मोठा सण. आदल्या दिवशी मशिनं धुवायची, तेल द्यायचं, आणि नवमीला त्यांना हळदीकुंकू, झेंडूची माळ, नारळ. बाबा त्या दिवशी कडक इस्त्रीचा शर्ट घालून जायचे, एरवी त्या शर्टाला ते हात लावायचे नाहीत. निवृत्त झाल्यावर घरची हत्यारं पुजायचे. पान्हे, हातोडी, त्यांचं मापाचं कॅलिपर, सगळं पाटावर मांडून. आई गेली त्या वर्षी त्यांनी काहीच पुजलं नाही. यंदा सकाळी त्यांनी ट्रंक ओढून हत्यारं बाहेर काढली तेव्हा मी शाळेला निघाले होते. मला वाटलं, चला, गाडी रुळावर आली.

संध्याकाळी आले तर हॉलमध्ये पाट मांडलेला. मधोमध दुर्बिणीचा आरसा, नळीतून सोडवून काढलेला. साबणाच्या पाण्याने धुतलेला, फडक्याने घासून पुसलेला, आणि त्यावर ओल्या हळदीकुंकवाची बोटं, कडेने झेंडूची फुलं. सकाळपासून तसाच. शेजारी माझी पांढरी नळी, तिच्याही भिंगाला एक बोट हळद, एक बोट कुंकू. बाबांनी तो इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"मशीन आहे ना ही पण," ते म्हणाले. "मग?"

घरातल्या आरशाची चकाकी काचेच्या मागे असते. दुर्बिणीच्या आरशाची पुढे असते, ॲल्युमिनियमचा नुसता श्वासाइतका पातळ थर, काचेच्या तोंडावर. त्याला बोटसुद्धा लावायचं नसतं. कुंकवात हळदीबरोबर बहुतेक चुना असतो, आणि ॲल्युमिनियमचं आणि चुन्याचं वैर आहे, हे मी दरवर्षी आठवीला शिकवते. बाबांना मी ते कधी सांगितलं नव्हतं, कारण आरशाला कोणी कुंकू लावेल असं कुणाच्या डोक्यात येतं? मी हसले. "छान केलंत," मी म्हटलं. त्यांची पाठ वळल्यावर भिंग ओल्या कापडाने पुसलं, ते होतं तसं झालं. आरसा पुसला तर जिथे जिथे बोट लागलं होतं तिथे काच उघडी पडली होती, आणि बाकीच्या भागावर फडक्याच्या बारीक रेघा उठल्या होत्या. दिव्यासमोर धरला तर डागांतून दिवा आरपार दिसत होता.

"काही झालंय का?" बाबांनी विचारलं.

"कुठं काय," मी म्हटलं. "काही नाही झालं."

आम्ही दुर्बीण वर नेली. गुरू दिसला, पण धुकं पडल्यासारखा, भोवती सगळीकडे सांडलेला उजेड. मी म्हटलं, "तसाच दिसतोय, बघा." बाबांनी पाहिलं. स्क्रूंना हातही लावला नाही. सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "छान आहे."

दुसऱ्या दिवसापासून ते गच्चीवर आले नाहीत. हत्यारं ट्रंकेत गेली, ट्रंक पलंगाखाली. गॅलरीतली खुर्ची पुन्हा सुरू झाली. आणि दिवाळी झाल्यावर एका सकाळी, चहा पिता पिता, ते म्हणाले, "मी बुवापाड्याला जातो. लेकीच्या घरी किती दिवस राहणार? लोकं काय म्हणतात."

लोक काहीही म्हणत नव्हते. बुवापाड्याच्या घराला कुलूप होतं, शेजार बदलला होता, आणि तिथे बाबा गेले तर एका खुर्चीवरून उठून दुसऱ्या खुर्चीवर बसतील, आणि या वेळी त्यांच्याकडे बघायला मी नसेन. हे मला इतकं स्वच्छ दिसत होतं की मी घाबरले. घाबरले की मी चिडते. "इथे काय कमी आहे तुम्हाला?" मी विचारलं.

बाबांनी कप खाली ठेवला. "आरशाचं काय झालं ते सांग," ते म्हणाले. "आणि खोटं नको बोलूस. आजाऱ्याशी बोलतात तसं माझ्याशी बोलतेस तू. तुझी आई गेल्यापासून सगळेच बोलतात."

मग मी सांगितलं. कुंकवातला चुना, पुढच्या बाजूचा थर, घासल्याच्या रेघा, सगळं, वर्गात सांगते तसं, फळा तेवढा नव्हता. आरसा बाहेर काढून खिडकीशी धरला आणि त्यांना डागांतून समोरची इमारत दाखवली. मला वाटलं, आता हे कायमचे मिटतील. बाबा डाग निरखत होते.

"म्हणजे कोटिंग गेलंय," ते म्हणाले. "हे तेव्हाच बोलायचं ना, बावळट. काच तर शाबूत आहे. कोटिंग परत मारता येतं." आणि ते शर्ट बदलायला आत गेले. बुवापाड्याचा विषय त्या दिवशी निघाला नाही. मी दारात उभी राहून त्यांची बटणं लावताना होणारी घाई बघत होते आणि मला रडू येत होतं.

आम्ही उल्हासनगरला गेलो. तिथे स्कूटरच्या हेडलाइटच्या वाट्यांना आणि अत्तराच्या बाटल्यांच्या झाकणांना चकाकी चढवणारे छोटे कारखाने आहेत. मोठ्या लोखंडी पिंपातली हवा खेचून घ्यायची आणि आत ॲल्युमिनियमची तार तापवून उडवायची, की ती वाफ समोर असेल त्यावर जाऊन बसते. दोन ठिकाणी आम्हाला हाकललं. तिसऱ्या ठिकाणचे सिंधी शेठ आरसा उलटसुलट करून हसले.

"साईं, यह हेडलाइट किस गाडी का है?"

"गुरूचा," बाबा म्हणाले. मग मी समजावून सांगितलं.

"देखो, मैं मार देगा. पण गॅरंटी नको विचारू. हमारा माल रस्ता दाखवतो, ग्रह नाही दाखवत."

बाबांनी जुना थर काढण्यापासून शेवटपर्यंत तिथून हलायला नकार दिला. शेठनी त्यांना स्टूल दिलं, वर चहा दिला. आरसा बाहेर आला तेव्हा चकचकीत होता, पण एका कडेला थर मंद बसला होता आणि उजेडात धरल्यावर बारीक ठिपके दिसत होते. बाबांनी तो मांडीवर घेतला आणि रिक्षावाल्याला परतीच्या रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला बोलणी बसली.

तोपर्यंत थंडी पडली होती, आमच्याकडे पडते तेवढी. जेवणाआधी गच्चीवर गेलो तेव्हा गुरू जवळजवळ डोक्यावर होता. आम्ही दोन्ही दुर्बिणी शेजारी शेजारी लावल्या. बाबांनी सेंटर केलं, माझ्यावर दोनदा ओरडले, मग स्वतः आधी आरशातून पाहिलं, मग भिंगातून, मग पुन्हा आरशातून. मग मला म्हणाले, "बघ. आणि सांग, कशात चांगला दिसतोय."

मी पाहिलं. भिंगात गुरू लहान होता, कडेला ती जांभळी झाक, पण पट्टे कोरलेले. आरशात तो मोठा आणि उजळ होता, रंगाने खरा, पण उजेड अजून थोडा सांडत होता आणि कडा पाण्यात बघितल्यासारख्या हलत होत्या. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. आरशात म्हणावं असं मला फार वाटलं. एवढा वेळ स्टुलावर बसून राहिलेला माणूस, त्याला काय सांगायचं?

"भिंगात," मी म्हटलं. "तुमच्यात उजेड जास्त आहे, पण पट्टे भिंगात चांगले दिसतात."

"किती चांगले?"

"बरेच."

बाबांनी मान हलवली. "मलाही तसंच वाटलं," ते म्हणाले. "कोटिंग हेडलाइटचंच आहे. पण त्या कडा हलतायत त्या कोटिंगने नाही. आरसा घरातून गरम आणलाय, बाहेर हवा गार आहे. काच जाड आहे, तिला निवायला वेळ लागतो. थांबू जरा."

आम्ही पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसलो. खाली कोणीतरी फोडणी दिली होती, लसणाचा वास वर येत होता. एमआयडीसीच्या बाजूला आभाळ पिवळट होतं, त्या बाजूला काहीच दिसत नाही. बाबा दुर्बिणीकडे बघत होते. मला वाटलं, आरशाचाच विचार करतायत.

"आता तू खरं बोलतेस, म्हणून विचारतो," ते म्हणाले. "ती गेली तेव्हा मी नव्हतो. तुम्ही सांगितलंत, झोपेत गेली. झोपेत गेली का?"

आई गेली त्या दुपारी मी एकटीच तिच्यापाशी होते. बाबा आंघोळीला म्हणून बुवापाड्याला गेले होते, आणि ते येईपर्यंत सगळं संपलं होतं. झोपेत गेली, असं मी सगळ्यांना सांगितलं, आणि सगळ्यांनी ते एकमेकांना सांगितलं. शेवटी ती बाबांची वाट बघत होती हे कळलं तर ते उरलेला जन्म जळत बसतील, असं मला वाटलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "जागी होती. तुम्हाला विचारत होती. 'आले का' म्हणून."

बाबांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "मी आंघोळ करून निघणार होतो," ते म्हणाले. "पण शेजारणीने ताट वाढलं. भूक लागली होती गं. दोन दिवस पोटात नीट काही नव्हतं. मी बसलो जेवायला. पोटभर जेवलो. ती मरत होती आणि मी दुसऱ्यांदा भात मागितला."

हे त्यांनी कधीच कोणाला सांगितलं नव्हतं. मी त्यांचा हात धरला. माझ्याकडे अजून एक वाक्य उरलं होतं, आणि ते किती मोलाचं आहे हे मला त्या क्षणापर्यंत कळलं नव्हतं.

"बाबा, मी तिला म्हटलं, फोन करून बोलावते. तर ती म्हणाली, 'नको घाई करूस. जेवून येऊ दे त्यांना.'"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. अंधारात मला त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता, पण ते माझा चेहरा शोधत होते.

"असं म्हणाली?"

"असंच म्हणाली."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. थोड्या वेळापूर्वी मी त्यांच्या आरशाला कमी म्हटलं होतं, म्हणून त्यांचा माझ्यावर विश्वास बसला.